गाडी चुकली तरी वारी चुकत नाही



आपल्या मराठीत गाडीही चुकते आणि वारीही चुकते. दोन्हींना क्रियापद एकच. धापा टाकत स्टेशनावर पोचलेला माणूस म्हणतो, "गाडी चुकली." अंथरुणाला खिळलेला म्हातारा वारकरी आषाढात भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "यंदा वारी चुकली." पहिल्याचे दुःख पुढची गाडी येईपर्यंतचे, दुसऱ्याचे वर्षभराचे. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ही दोन दुःखे एकमेकांत गुंतलेली आहेत. इथे कित्येकांची वारी चुकते ती पाळी आणि गाडी यांचा मेळ न बसल्यामुळे. म्हणून गाड्यांच्या वेळांचा आणि वारीच्या वेळांचा इतिहास एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावा, असे मनात आले.

सुरुवात घरातल्या गोष्टीने करतो. माझे वडील पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते. साल १९८३. आषाढी एकादशीची एकच दिवसाची सुट्टी मिळाली होती. दशमीची पाळी संपवून चिंचवडहून लोकलने पुणे, पुण्याहून रात्रीच्या गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून छोट्या गाडीने पंढरपूर, असा त्यांचा बेत होता. पण पाळी सुटताना त्यांच्या जागी यायचा माणूस वेळेवर आला नाही आणि यंत्र सोडून निघता येईना. ते चिंचवडच्या पुलावर पोचले तेव्हा लोकल खालून निघून चालली होती. पुढच्या लोकलने पुण्याला गेले, तर ठरवलेली गाडी सुटलेली. त्यामागची गाडी धरून कुर्डुवाडीला उतरले, तर छोटी गाडी गेलेली. मोटारींना पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या छोट्या गाडीने गेले असते तर द्वादशीच्या सकाळी कामावर हजर होणे शक्य नव्हते, आणि खाडा परवडणारा नव्हता.

फलाटावर त्यांच्यासारखे बरेच लोक अडकले होते. कुणीतरी टाळ काढले, हरिपाठ सुरू झाला. वडिलांनी घरून आणलेला बुक्का आणि तुळशीचा हार एका म्हाताऱ्या आजींच्या ओटीत घातला, "पांडुरंगाला माझा नमस्कार सांगा" म्हणाले आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत चढले. घरी आल्यावर आईला एवढेच बोलले, "यंदा वारी चुकली." ती खंत त्यांनी पुढे कित्येक वर्षे बाळगली.

त्यांची वारी खरेच चुकली का? इतिहास सांगून झाला की या प्रश्नाकडे परत येऊ.

पहिली गोष्ट ही की वेळापत्रक आपल्याकडे रेल्वेने आणले, असे समजण्याचे कारण नाही. रेल्वे येण्याआधी पावणेदोनशे वर्षे याच वाटेवर एक वेळापत्रक चालू होते. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा आळंदीहून नेण्यास सुरुवात केली. हैबतबाबा शिंद्यांच्या सरदारकीत वावरलेले. शिस्त त्यांच्या अंगात होती आणि ती त्यांनी सोहळ्याला दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू यांची सेवा दिली, ती आजही चालू आहे.

या वेळापत्रकाची काटेकोर घडण पाहा. देहूहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला, आळंदीहून अष्टमीला. मुक्कामाची गावे ठरलेली, विसाव्याच्या जागा ठरलेल्या. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. सकाळी निघताना तीनदा कर्णा होतो. पहिल्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला आपापल्या जागी उभे राहायचे, तिसऱ्याला पाऊल उचलायचे. पहाटेच्या अंधारात लाखाचा समाज उठतो आणि ठरल्या वेळी चालू लागतो. तिथीची क्षयवृद्धी झाली तर त्याचीही सोय आहे. लोणंदचा मुक्काम एखाद्या वर्षी वाढतो, एखाद्या वर्षी कमी होतो, म्हणजे पुढचा हिशेब बरोबर दशमीला पंढरपुराशी जुळतो. तेव्हा वेळ पाळणे हे साहेबाने शिकवले आणि वारकरी मात्र वेळेच्या पलीकडचा, ही समजूत खरी नाही. नेमाची माणसे आपण आधीपासूनच आहोत.

आता लोहमार्गाकडे येऊ. १४ जून १८५८ रोजी जी.आय.पी. रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. आमच्या चिंचवडच्या शिवारातून पहिली आगगाडी धावली ती त्या पावसाळ्याच्या तोंडावर. पण मुंबईहून येणारी गाडी तेव्हा घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंतच येत असे. खोपोली आणि खंडाळा यांच्यामध्ये उभा बोरघाट. घाटातला मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. पंचवीस बोगदे खोदताना हजारो मजुरांनी घाम गाळला आणि हजारोंनी रोगराईत व अपघातांत प्राण सोडले. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. बोगद्यात गाडी शिरते तेव्हा एकदा हात जोडावेत, इतके त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

तोपर्यंतची पाच वर्षे प्रवासी काय करत होते? खोपोलीला आगगाडीतून उतरायचे. ऐपतीप्रमाणे पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करायची, नाहीतर सरळ पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी आगगाडी पकडायची. दोन आगगाड्यांच्या मधला सांधा माणसाच्या पायांनी जोडलेला होता. पावसात घाट निसरडा झाला, तट्टू अडले, भोई थकले, की वरची गाडी चुकलीच म्हणून समजा. एका गाडीतून उतरून दुसरी पकडण्याची धांदल आमच्या या मार्गाच्या जन्मापासूनची आहे.

आणखी एक अडचण होती, ती घड्याळाची. आपल्या जुन्या लोकांचा काळ घटकांनी मोजला जाई. चोवीस मिनिटांची घटका, साठ घटकांची अहोरात्र. सूर्य माथ्यावर आला की माध्यान्ह, आणि प्रत्येक गावाची माध्यान्ह त्या गावापुरती. रेल्वेला हे चालेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रास आपल्या पूर्वेला असल्याने तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. पुण्याच्या सूर्याच्या मानाने ती वेळ सुमारे सव्वीस मिनिटे पुढे, तर पंढरपूरच्या मानाने सुमारे वीस मिनिटे. म्हणजे सरासरी एका घटकेचा फरक! गावच्या देवळात घंटा ऐकून निघालेला भाविक स्टेशनावर पोचतो तो एक घटका उशिराच. त्याचा काही दोष नसताना गाडी निघून गेलेली असते. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. तिने आपल्याला सूर्यापासून आणखी नऊ मिनिटे पुढे नेले, पण दोन घड्याळांचा गोंधळ हळूहळू मिटला.

त्याच १९०६ मध्ये पंढरपूरला रेल्वे पोचली. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग १८६० पर्यंत पुरा झाला होता, पण तो पंढरपूरला टाळून कुर्डुवाडीवरून गेला. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तिथून १८९७ मध्ये बार्शीपर्यंत एक अरुंद लोहमार्ग सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने तो आखला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. हीच आपली बार्शी लाईट. तिचा फाटा १९०६ मध्ये पंढरपूरला आला आणि पुढे १९२७ मध्ये पंढरपूर-मिरज जोडले गेले. यात्रेच्या दिवसांत या छोट्या गाडीला मुंग्यांसारखी माणसे लगडलेली असत. आत जागा नाही म्हणून टपावर बसत आणि तिथेच टाळ वाजत.

पण मोठ्या गाडीचे रूळ वेगळे आणि छोटीचे वेगळे, म्हणून मुंबई-पुण्याकडच्या प्रत्येक भाविकाला कुर्डुवाडीला उतरावेच लागे. मोठी गाडी उशिरा आली तर छोटी थांबेल का, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे लोकांच्या काळजात राहिला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग रुंद झाला आणि ही अडचण सरली. आजच्या तरुणांना कुर्डुवाडीचा तो फलाट ठाऊक नाही. आमच्या आधीच्या पिढीचे मात्र तिथे अनेक प्रहर गेले आहेत.

या इतिहासात मला स्टेशनांच्या नावांतला एक शब्द विचार करायला लावतो. देहू रोड, नाशिक रोड, अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड. क्षेत्राच्या नावापुढे 'रोड' लावलेला. याचा अर्थ सरळ आहे. हे देहू नव्हे, ही देहूची वाट. गाडी तुम्हाला इथवर आणेल, पुढचे अंतर तुमचे तुम्ही काटा. आळंदीला तर लोहमार्गच नाही. पिंपरी, चिंचवड किंवा कासारवाडीला उतरून पुढे बस पकडावी लागते. चाकणलाही लोहमार्ग नाही. जिथे संतांची समाधी आहे तिथे आणि जिथे हजारो हातांना काम आहे तिथे, दोन्हीकडे शेवटचा टप्पा गाडीवाचूनच जायचा.

चाकणचे नाव निघाले, तेव्हा आपल्या काळाकडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये या गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून, विदर्भ-खानदेशातून माणसे इथे पोटासाठी आली. येताना गळ्यात माळ घेऊनच आली. त्यांच्यासाठी ११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. पुढे कारखाने चाकणकडे सरकले आणि मग तळेगाव किंवा चिंचवडला उतरून पुढे बस किंवा कंपनीची गाडी, असा दुहेरी सांधा कामगाराच्या नशिबी आला.

या मार्गावर रूळ दोनच, एक जायचा आणि एक यायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल साऱ्या त्यांवरूनच. एखादी मोठी गाडी मागून आली की लोकलला बाजूला उभे राहावे लागते. लोकल दहा मिनिटे थांबली की तळेगावची बस जाते. बस गेली की पहिली पाळी चुकते आणि पाळी चुकली की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. मार्च २०२२ मध्ये पिंपरीपर्यंत मेट्रो आली, तिने पुण्याकडचे हाल कमी केले. चाकणच्या वाटेवरचा कामगार मात्र अजून घड्याळाकडे पाहत पळतोच आहे. जुन्या भाषेत पाळी म्हणजे क्रमाने येणारी वेळ आणि वारी म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली येरझार. दोन्ही शब्दांत नेम आहे. पण एक नेम चुकला तर दंड आहे. दुसऱ्याचे काय?

मी म्हणालो की वारीचे वेळापत्रक कडक आहे. तिसऱ्या कर्ण्यानंतर पालखी कुणासाठी थांबत नाही. मग मागे राहिलेल्याचे काय होते? तो चालत राहतो आणि विसाव्याला दिंडी गाठतो. विसाव्याला नाही तर मुक्कामाला गाठतो. हे शक्य होते, कारण या वेळापत्रकाची गती पायांची आहे. काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीला झेपेल असाच टप्पा बांधलेला आहे. गाडी चुकली तर धावून ती सापडत नाही, पण पालखी चालून सापडते.

शिवाय संध्याकाळची समाजआरती आठवा. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि लाखाचा समाज क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचा टाळ. हे सगळे झाल्यावर आरती. ज्या व्यवस्थेत दिवस संपण्याआधी हरवलेल्याची आठवण काढली जाते, ती हैबतबाबांच्या परंपरेने आपल्या हाती दिलेली मोठी ठेव आहे.

चिंचवडच्या भूमीत उशिरा पोचलेल्या एका भक्ताची कथाही आहे. मोरया गोसावी दर महिन्याला चिंचवडहून मोरगावला दर्शनाला जात. परंपरेत सांगतात की एकदा ते पोचेपर्यंत देऊळ बंद झाले होते. थकलेले, भुकेले मोरया तिथेच झोपले. स्वप्नात देव आला आणि म्हणाला, आता तू येऊ नकोस, मीच चिंचवडला येतो. दाराशी उशिरा पोचलेल्या भक्ताला देवाने परत पाठवले नाही, तो स्वतःच निघाला. आजही भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते.

आणि आपला पांडुरंग? तो तर पुंडलिकाने "थांब" म्हटल्यावर थांबला. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. दारी आलेल्या देवाला त्याने वीट दिली आणि काम पुरे होईपर्यंत उभे राहायला सांगितले. देव रागावून गेला नाही. भक्त कामात आहे, त्याला उशीर होईल, हे त्याने मान्य केले आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आपल्या संप्रदायाचे दैवतच असे आहे की कामात अडकलेल्या माणसाची वाट पाहते. पाळी संपवून धावत आलेल्या कामगाराला याहून जवळचा देव कोणता?

म्हणून दिंडीप्रमुखांना आणि फडावरच्या थोरांना एक नम्र विनंती आहे. आमच्या पट्ट्यातली तरुण मुले पुष्कळदा म्हणतात, "पूर्ण वारी जमत नाही, मग अर्धीमुर्धी कशाला?" कधी आपल्यातलाच कुणी त्यांना "दोन दिवसांचा वारकरी" म्हणून चिडवतो आणि तो मुलगा पुढच्या वर्षी येत नाही. त्याला आपण वाट दाखवू या. तुकोबारायांची पालखी दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीत असते, अगदी कारखान्यांच्या दारात. रात्रपाळी करून सकाळी सुटलेला मुलगा आकुर्डीहून पुण्यापर्यंत चालू शकतो. पुढचे लोणी आणि यवत हे मुक्काम पुणे-दौंड लोहमार्गालगतचे आहेत. साप्ताहिक सुट्टी धरून यवतला आला तर गावकऱ्यांचे पिठले-भाकरी खाऊन सकाळी दिंडीत उभा राहील. माउलींच्या वाटेवर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सारी पुणे-मिरज मार्गावरची स्टेशने आहेत. प्रत्येक दिंडीने आपल्या पत्रिकेत मुक्कामाच्या गावाशेजारी जवळचे स्टेशन छापावे आणि उशिरा येणाऱ्यांना वाट सांगायला एक माणूस नेमावा. एवढे केले तरी किती जणांची वारी वाचेल!

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. कुर्डुवाडीच्या फलाटावर बुक्का देऊन ते परतले, त्याला बरीच वर्षे झाली होती. निवृत्तीनंतर ते देहूला बीजेच्या सोहळ्याला गेले असता ही हकिगत त्यांनी शेजारी बसलेल्या एका वृद्ध वारकऱ्याला सांगितली. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चुकली कशी? तुमची वारी त्या साली कुर्डुवाडीपर्यंत झाली, आणि तिथून पुढं त्या आजीनं केली. माळ एकाच दोऱ्यात असते, माऊली."

वडील घरी आले ते वेगळ्याच चेहऱ्याने. त्या वर्षीच्या वारीबद्दल "चुकली" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. पुढे गुडघे गेले तरी दर आषाढात ते आकुर्डीच्या रस्त्याकडेला पाण्याचा माठ घेऊन बसत. पालखी पुढे गेल्यावरही उठत नसत. आई म्हणे, "अहो, आता कोण येणार? गेले सगळे." ते म्हणत, "पाळी सुटायचीय अजून. मागून येतील कुणीतरी."

आणि कुणीतरी येतच असे. अंगावर कंपनीचा गणवेश, हातात डब्याची पिशवी, गळ्यात माळ. पाणी पिऊन पालखी किती पुढे गेली ते विचारी आणि भराभरा चालू लागे.

रामकृष्णहरी.